उशाचा विळा

१८ नोव्हेंबर

उज्ज्वला आज बाळ घेऊन वाशीमच्या दवाखान्यातून घरी आली. मुलगी आहे. चेहरा कोणासारखा ते मला ओळखता आलं नाही. आत्याबाई म्हणाल्या, आपल्याच घरासारखा. सासूला आमच्याकडे आत्याबाईच म्हणतात, आणि त्यांनी एकदा म्हटलं की तो विषय संपतो.

मागची खोली मी कालच धुऊन घेतली होती. टांगलेला लसूण आणि बियाण्याच्या पिशव्या बाहेर काढल्या. वारं लागू नये म्हणून खिडकीला गोणपाट लावलं. डिंक, खारीक, खोबरं सगळं आधीच आणून ठेवलं आहे. बाजेच्या उशाला, गोधडीखाली, आत्याबाईंनी विळा ठेवला. पालेभाजी कापायचाच आमचा विळा, मुठीला निळी चिंधी गुंडाळलेला. बाळंतिणीच्या उशाशी लोखंड असलं की वाईट काही जवळ येत नाही, आणि सव्वा महिना ते हलवायचं नाही.

"याच्यावर तुह्यं ध्यान पाह्यजे, रेणुके," त्या म्हणाल्या. "तिची माय असती तं मले सांगा नसतं लागलं."

त्या हे लागावं म्हणून बोलत नाहीत. मला लागतं, हा माझाच स्वभाव. मी या घरात आले तेव्हा उज्ज्वला शाळकरी पोर होती, आणि तिची आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. तेव्हापासून ती मला मावशी म्हणते. या बाळंतपणात सावत्र म्हणून बोट दाखवायला कोणाला जागा राहू द्यायची नाही, असं मी ठरवलं आहे. हे तिच्यासाठी ठरवलं की स्वतःसाठी, याचं उत्तर आज देता येत नाही.

२० नोव्हेंबर

पाचवी पुजली. पाटा, हळदकुंकू, नैवेद्य, काही कमी पडू दिलं नाही.

उज्ज्वला पूजेत रडली. दूध उतरताना बाया रडतातच, असं सगळ्याच म्हणाल्या. संध्याकाळी अंथरूण झटकताना पाहिलं तर विळा उशाशी नव्हता, खिडकीत ठेवलेला होता. पाहुण्यांच्या गडबडीत कोणीतरी हलवला असेल. मी परत जागेवर ठेवला. आत्याबाईंना कळू दिलं नाही.

२७ नोव्हेंबर

बारसं झालं. पाळण्यातलं नाव बाळाच्या आत्याने कानात सांगितलं, पण घरात सगळे चिमीच म्हणतात.

जावई आले होते. मुकेशचं रिठदला गाडी दुरुस्तीचं दुकान आहे. बाळाला हात लावण्याआधी चार वेळा साबण लावून हात धुतले, तरी नखांतलं ऑइल जाईना. मग त्यांनी एका बोटानेच बाळाच्या गालाला हात लावला. आम्ही सगळे हसलो. उज्ज्वला हसली नाही. "बाळाचं नाव आवडलं का?" असं मी विचारलं, तर म्हणाली, "चांगलं हाये." भाजी कशी झाली, तर चांगली हाये. झोप झाली का, तर झाली.

ही तीच मुलगी आहे ना, असा प्रश्न मला पडला. लग्नाआधी मालेगावच्या बाजारात आमच्या भाजीच्या पालात बसून ही हाका मारायची, तेव्हा पलीकडच्या बांगड्यांच्या दुकानातून माझी मैत्रीण अख्तरी ओरडायची, "अव पोरी, माह्या बांगड्या फुटतीन!" आता घरातल्या घरात बोललेलं ऐकू येत नाही. आत्याबाईंना ते बरं वाटतं. बाळंतीण अशीच पाहिजे, शांत.

विळा आज बाजेखाली शेगडीच्या मागे सापडला. परत ठेवला.

३ डिसेंबर

आज मी चिडले. विळा थेट मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीमागे होता. आत्याबाईंनीच पाहिला. खूप बोलल्या. "तुमच्या बीएच्या घरात देवधरम राह्यला नाही," हे बीए झालेल्या मला, आणि उज्ज्वलाला, "तुले लेकराचं काही वाटते का नाही व?"

उज्ज्वला भिंतीकडे पाहत राहिली.

मी तिला समजावून सांगितलं. माझाही या गोष्टींवर फार विश्वास नाही, पण म्हाताऱ्या माणसाचं मन राखायला काय जातं? तिने मान हलवली. तरी मला भरवसा वाटेना. मी भाजीच्या जुड्या बांधायची सुतळी घेतली, ओली केली, आणि विळा उशाच्या बाजूने बाजेच्या ठाव्याला, म्हणजे पायाला, घट्ट बांधून टाकला. गाठ आमच्या धंद्यातली आहे, ओढली की आणखी आवळते. आता तो हलणार नाही.

बांधताना उज्ज्वला माझ्या हातांकडे बघत होती. मी वर पाहिलं तेव्हा तिने तोंड फिरवलं. माझा राग आला असेल. येऊ दे. पण तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते रागासारखं नव्हतं.

६ डिसेंबर

चिमी आता माझ्याजवळच असते. पाजण्यापुरती उज्ज्वला घेते, तेही बाजेवर नाही, पुढच्या खोलीत भिंतीला टेकून. पाजून झालं की लगेच, "मावशी, घे." लेकरू झोपलेलं असलं तरी, "मावशी, घे." मागच्या खोलीत ती जायलाच मागत नाही. दिवसभर उंबऱ्यावर बसून राहते, डोळ्यांखाली काळं झालं आहे. झोप लागत नाही म्हणते. बाळ शांत असतं तेव्हाही.

काल मनात आलं ते लिहून ठेवते, कारण न लिहिणं खोटेपणाचं होईल. मला वाटलं, हिला लेकराची आवड नाही, आणि कष्ट माझ्या गळ्यात घालते आहे. मग वाटलं, सख्खी लेक असती तर असं मनात आलं असतं का? विचारात गढले तेवढ्यात वरण करपलं.

१० डिसेंबर

अख्तरी झबलं-टोपरं घेऊन आली. कॉलेजला आम्ही एका बाकावर बसायचो. तिचा फुरकान आता बारावीला आहे.

चहा होईपर्यंत ती बाळाशी खेळली, आत्याबाईंची थट्टा केली, उज्ज्वलाच्या मनगटात बांगडी चढवून पाहिली. बांगडी कोपरापर्यंत गेली. उज्ज्वला आत गेल्यावर अख्तरीचं हसणं थांबलं.

"रेणुका, या पोरीले कोनी विचारलं का?"

"काय विचारायचं?"

"कशी हाये म्हनून. लेकराचं नाही, तिचं."

मी म्हटलं, रोज विचारते. जेवलीस का, झोपलीस का, दूध येतं का.

"हे तं गाईले बी विचारतात," ती म्हणाली. मग आवाज खाली घेतला. "फुरकानच्या वक्ताले मले असंच झालं होतं. रोना नाही, हसना नाही. लोक म्हने, नजर लागली. दोन साल मी माह्याच घरात पाहुनीसारखी राह्यली. मंग बहिनीनं डॉक्टरपाशी नेलं, तवा समजलं का ही बिमारी हाये, तिच्यावर दवा हाये. तुले कधी सांगतलं नाही. सांगाची गोष्ट वाटली नाही."

आम्ही इतक्या वर्षांच्या मैत्रिणी. ती दोन वर्षं मी तिच्या घरी ईदला जात होते, शीरखुर्मा खाऊन येत होते. मला काही दिसलं नाही.

"विचार तिले," जाताना ती म्हणाली. "अन् विचारून चूप बस. तुले चूप बसनं जमत नाही, पन बस."

११ डिसेंबर

सगळं सरळ लिहिण्याचा प्रयत्न करते.

दुपारी आत्याबाई वांगी तोडायला मळ्यात गेल्या. उज्ज्वला उंबऱ्यावर होती, चिमी माझ्या मांडीवर. मी विचारलं, "उज्ज्वला, तुला स्वतःला कसं वाटून राह्यलं?" आणि गप्प बसले. फार अवघड गेलं. मधे दोनदा ओठावर आलं की खोबरं खातेस ना.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मावशी, आधी तो इळा काढ."

"अगं, तो तुझ्या चांगल्यासाठी..."

"मले मालूम हाये कायले ठेवतात. तू काढ."

मग तिने सांगितलं. माझ्याकडे न बघता, हळू, पण न थांबता.

"चिमी रडली का माह्या डोयापुढं येते. माहा हात, तो इळा, अन् चिमी. मी नाही आनत व मावशी, आपोआप येते. डोये मिटले तरी येते. म्हनून मी तिले तुह्यापाशी देतो. तुह्यापाशी तिले काही होत नाही. मी इळा दूर नेऊन ठेवतो, अन् तू परत आनून ठेवतं. परत ठेवतं. अन् त्या दिवशी तू बांधूनच टाकला. मले वाटलं, तुले समजलं. मी काय करतो ते पाहाले तू बांधला."

मी काहीतरी बोलणार होते, पण अख्तरीचं आठवलं. उठले, चिमीला घेऊनच मागच्या खोलीत गेले. गाठ सुटेना, माझीच गाठ. शेवटी त्याच विळ्याच्या पात्यावर सुतळी घासून तोडली. विळा मळ्यातल्या मोटारपंपाच्या खोलीत टाकला, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. परत आले तर उज्ज्वला उंबरा ओलांडून आत आली होती, रिकाम्या ठाव्याकडे पाहत होती. मग जमिनीवर बसली आणि मोठ्याने रडली. घरी आल्यापासून तिचा एवढा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

एक प्रश्न राहिला होता. तो विचारायला मला धीर होत नव्हता, पण न विचारता उठणंही शक्य नव्हतं. "जीव द्यावा असं येतं का मनात?"

"एक दिवस इहिरीपोत गेली होती," ती म्हणाली. "मंग चिमीची दुधाची येळ झाली, म्हनून वापस आली."

ती विहिरीपर्यंत कधी गेली ते मी विचारलं नाही. मी घरातच असणार. बहुतेक तिचेच लाडू वळत असेन.

संध्याकाळी हे घरी आले, आत्याबाईही होत्या. मी सगळं सांगितलं. आत्याबाई म्हणाल्या, "बाहेरचं हाये. इळा हलवला म्हनूनच झालं."

"आत्याबाई, विळा उशाशी असतानाच झालं. मी बांधला त्यानंतर जास्त झालं. उद्या वाशीमला मनाच्या डॉक्टरांकडे नेते."

"मनाच्या डॉक्टरपाशी?" हे म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "रिठदले समजलं तं? पोरगी नांदवतीन का ते?"

आणि मग मी जे बोलले ते कुठून आलं मला माहीत नाही. "समजू द्या. मी सावत्र आहे ना? मग सगळं माझ्यावर टाका. म्हणा, तिच्या मावशीनेच नेलं, कोणाला विचारलं नाही, बाईला अक्कल नाही. लोकांना पटायला वेळ लागणार नाही."

ज्या शब्दाला इतकी वर्षं घाबरले, तो आज ढालीसारखा पुढे धरला.

हे उठून उज्ज्वलाजवळ गेले. तिच्या डोक्यावर हात ठेवून तसेच उभे राहिले. नंतर मला म्हणाले, "सकायच्या पयल्या गाडीनं जाऊ. मी बी येतो."

मुकेशना मीच फोन केला.

१२ डिसेंबर

मुकेश मोटारसायकलवर आमच्या आधी वाशीमला पोहोचले होते. दवाखान्याच्या दारात उभे, केसांत रस्त्याची धूळ.

डॉक्टर तरुण बाई आहेत. त्यांनी आधी उज्ज्वलाला एकटीला आत घेतलं, नंतर आम्हाला बोलावलं. मी बारीकसारीक सगळं विचारलं, त्यांना कंटाळा आला असेल तर दाखवला नाही. हा आजार आहे, बाळंतपणानंतर कितीतरी जणींना होतो, बरा होतो. औषध अंगावर पाजणाऱ्या आईला चालेल असंच दिलं आहे. गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील, मधेच बंद करायचं नाही. झोप मिळालीच पाहिजे. सध्या तिला एकटं सोडायचं नाही, आणि जीव देण्याचं मनात आलं किंवा काही भलतंच दिसू-ऐकू लागलं तर वेळ न पाहता घेऊन यायचं.

उज्ज्वलाने विचारलं, "मी वाईट हाव का, मॅडम?"

डॉक्टर म्हणाल्या, "तो विचार आल्यावर तू काय केलंस?"

"इळा दूर टाकला. चिमीले मावशीपाशी देलं."

"म्हणजे इतक्या भीतीतही तू बाळाला सांभाळत होतीस. नको असलेला विचार येणं आणि तसं करावंसं वाटणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण इतके दिवस एकटीने सोसायला नको होतं."

मुकेश बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मग म्हणाले, "मामी, मले वाटलं मी एका बोटानंच हात लावला म्हनून उज्ज्वला नाराज हाये." मी त्यांना चहा पाजला.

१४ डिसेंबर

घरात अबोला. आत्याबाई औषधाला नाही म्हणत नाहीत, पण दिवसातून दहादा मागच्या खोलीच्या दारात येतात, रिकाम्या उशाकडे पाहतात आणि परततात. आज मला म्हणाल्या, "माह्ये चार लेकरं त्या लोखंडावर जगले. मले भेव वाटते, रेणुके." एवढ्या वर्षांत त्यांना कशाची भीती वाटते हे मी ऐकलं नव्हतं. मी इतके दिवस त्यांचा फक्त हट्टच पाहिला.

दुपारी मुकेश आले. उशाशी आता लोखंड नाही, हे मी फोनवर सहज बोलले होते. त्यांनी पिशवीतून एक मोठा पाना काढला, नट-बोल्ट आवळायचा. घासून पुसून चकचकीत केलेला, मुठीला लाल दोरा.

"आजी, लोखंडच पाह्यजे न?"

आत्याबाईंनी तो हातात घेतला, वजन पाहिलं, उलटा-सुलटा केला. "धार नाही याले."

"धार नाही म्हनूनच आनला. पन ट्रकचं चाक खोलते हा. भुताचं काय घेऊन बसल्या?"

आत्याबाई उज्ज्वलाकडे वळल्या. "तुले भेव तं नाही वाटत न याचं?"

उज्ज्वलाने पाना पाहिला. मग नवऱ्याकडे पाहिलं. "याले ऑइलचा वास येते," ती म्हणाली.

"दुकानाचा हाये," मुकेश म्हणाले.

"राहू द्या," उज्ज्वला म्हणाली.

आत्याबाईंनी पान्याला हळदकुंकू लावलं आणि तो उशाखाली ठेवला. आज उज्ज्वला त्या बाजेवर झोपली.

२४ डिसेंबर

सगळं नीट होईल असं वाटत होतं, पण तीन दिवस वाईट गेले. उज्ज्वला काल म्हणाली, गोळीनं काही होत नाही, चिमीले तुमीच ठेवून घ्या. मी डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, अजून दिवस व्हायचे आहेत, तिच्याजवळ राहा, परवा घेऊन या. मी तिच्याजवळ राहिले. यापलीकडे मला काही येत नाही.

सव्वा महिना पूर्ण झाला. आमच्याकडे यानंतर बाळंतिणीने विहीर पुजायची असते. तिला आता विहिरीवर न्यायचं नाही असं मी म्हणणारच होते, पण आत्याबाईंनीच आपणहून सांगितलं, "इहीर काही पयून नाही चालली. पोरगी म्हनन तवा पुजू." मी त्यांच्या पाया पडले. "काय झालं व तुले?" म्हणाल्या.

४ जानेवारी

आज उज्ज्वला माझ्यावर ओरडली!

मी चिमीला तेल लावत होते. मागून आवाज आला, "मावशी, किती जोरात रगडून राह्यली व! ते का गाजर हाये का, माती काढाले?" आणि माझ्या हातातून लेकरू काढून घेतलं. आपल्या पायांवर घेतलं, आपण तेल लावलं. चिमी रडली. मी उज्ज्वलाच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. तिचे हात थांबले, तिने एक मोठा श्वास घेतला, आणि पुन्हा चालू झाले.

नंतर मी विचारलं, ते अजून येतं का डोळ्यांपुढे?

"येते कधी कधी. पन आता जाते बी."

मला रडू आलं. मी कांदे सोलायला घेतले, म्हणजे कोणी कारण विचारलं नाही.

१२ जानेवारी

विहीर पुजली. दिवस उज्ज्वलाने ठरवला. काल तिने विचारलं, "इहीर राह्यली न माही?"

आम्ही सगळे जणू काही सहजच तिच्याबरोबर गेलो. यांना नेमका त्याच वेळी विहिरीवरचा पाइप पाहायचा होता. मुकेशना रिठदहून यावंसं वाटलं. आत्याबाईंच्या हातात तिच्या पदराचं टोक होतं. मी दुसऱ्या बाजूला. अख्तरी बाळ घेऊन मागे.

उज्ज्वलाने हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि मग आमच्याकडे वळून पाहिलं. "एवढे जन मिळून काय इहीर उचलून नेता का? पदर सोड व आजी, फाटते."

आत्याबाईंनी पदर सोडला. मला वाटतं, त्यांच्या आयुष्यात तेवढं अवघड त्यांनी काही केलं नसेल. उज्ज्वलाने बादली सोडली, पाणी शेंदून वर काढलं, पहिल्यांदा चिमीच्या पायांना लावलं आणि मग सरळ यांच्या अंगावर उडवलं. "बाबा, पाइप चांगला हाये. पाहून झाला असन तं चाला."

अख्तरी इतकी हसली की चिमी दचकली.

१९ जानेवारी

विहीणबाई रिठदहून आल्या. त्यांना कळलं होतंच, कुठून ते विचारण्यात अर्थ नाही. चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, "आमच्या घरात डोक्याच्या गोळ्या खानारी कोनी नव्हती बाप्पा. हे कोनी सुरू केलं?"

मी तयार होते. माझं ठरलेलं वाक्य होतं, मीच नेलं, माझीच चूक. तोंड उघडलं, पण माझ्या आधी उज्ज्वला तिच्या सासूशी बोलली.

"मी खातो गोळी, आत्याबाई. डॉक्टरनं सांगतलं तवापोत खाईन, अन् रिठदले आली तं तिथी बी खाईन. माह्ये दोन महिने कसे गेले ते मले इचारा, मी सांगतो. मावशीले काही बोलू नका."

विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग आत्याबाईंकडे. आत्याबाई उठल्या, आतून पाना आणून त्यांच्यापुढे ठेवला. "अन् हे तुमच्या पोरानं देलं उशाशी ठेवाले. तुमच्या घरात हे बी कोनी केलं नसन."

विहीणबाई पान्याकडे पाहत राहिल्या. "मी म्हनत होती, दुकानातून कुठी गेला हा!" मग चिमीला मांडीवर घेतलं. जाताना दारात उज्ज्वलाला बाजूला घेऊन काहीतरी विचारलं. दोघी बराच वेळ बोलत होत्या. काय बोलल्या ते मला कळलं नाही, पण विहीणबाई डोळे पुसत रिक्षात बसल्या.

३० जानेवारी

बाजाराचा दिवस. उज्ज्वला सकाळी म्हणाली, "मी येतो." हे नको म्हणाले, थंडी आहे, लेकरू लहान आहे. ती स्वेटर घालून गाडीत जाऊन बसली.

पाल टाकलं, मेथी, पालक आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, मांडली. सांबाराच्या जुड्यांची मुळं कापायची राहिली होती. मी दुसरा विळा शोधत होते, तर ती म्हणाली, "निया चिंधीचा इळा आनला का?" आणला होता. किल्ली अजून माझ्याच कमरेला असते, पण विळा परवापासून कामात घेतला आहे, तिच्या नजरेआड. मी यांच्याकडे पाहिलं. हे वजनकाटा पुसायला लागले.

मी गोणपाटाखालून काढून दिला. तिने मुठीची चिंधी सोडली, नीट घट्ट गुंडाळली, आणि सांबाराची जुडी डाव्या हातात धरून सपकन मुळं उडवली. दुसरी जुडी. तिसरी. चिमी माझ्या मांडीवर होती, हातभर अंतरावर. ती मधेच रडायला लागली. उज्ज्वलाने विळा खाली ठेवला, हात पुसले, तिला घेतलं, पाजलं, माझ्याकडे दिलं, विळा उचलला. मी हे सगळं बघत होते हे तिला कळलं असावं, कारण म्हणाली, "धार गेली याची, मावशी. लोहाराकडं टाक."

मग तिने हाक मारली.

मी तो आवाज लिहू शकत नाही. बाजाराच्या टोकापर्यंत गेला. पलीकडून अख्तरी दुकानाबाहेर आली, दोन्ही हात कानांवर ठेवले आणि ओरडली, "अव पोरी, बांगड्या!" आणि तिथेच उभी राहून पदराने तोंड पुसू लागली. गिऱ्हाईकं जमली. एका बाईने मेथी हलवून पाहिली, कडू तर नाही ना विचारलं. उज्ज्वला म्हणाली, "घेऊन पाहा व बाई, कडू निंगाली तं वापस आना! माह्या मायच्या हातची मेथी हाये!"

हे जरा चुकलं. ती मेथी मी पेरली होती, महिनाभरापूर्वी. तिची आई जाऊन इतकी वर्षं झाली. गर्दीच्या घाईत बोलली असेल, गिऱ्हाइकाला काय कळतं. मी काही दुरुस्त केलं नाही.

दुपारच्या आत सगळा माल संपला. मुकेश पुढच्या आठवड्यात न्यायला येणार आहेत; औषध आणि तारखा दोन्ही त्यांना पाठ आहेत. पाना परत मागत होते, दुकानात लागतो. आत्याबाई देत नाहीत.